इमारतीचाही केसपेपर हवा

सरकारी रुग्णालयात रुग्ण आला की आधी त्याचा केसपेपर निघतो. त्यामुळे रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरलाही त्याचे जुने आजार, शस्त्रक्रिया, अ‍ॅलर्जी कळतात. हे उपचार जिथे चालतात, त्या इमारतीचा केसपेपर मात्र सहसा नसतो. वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर म्हणजे एक छोटे गावच. मूळ नकाशे एका कार्यालयात, नंतरच्या दुरुस्त्या दुसऱ्याच्या फायलीत आणि भिंतीआड खरे काय आहे, ते जुन्या प्लंबरच्या डोक्यात. तो निवृत्त झाला की माहितीही निवृत्त.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही, आरोग्याचाही आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात लिजनेअर्स आजाराची साथ पसरली. तिला कारणीभूत ठरलेला लिजनेला हा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. नळ काढला, पण मागचा पाइप भिंतीत तसाच राहिला, तर तिथे असेच पाणी साचते. पाइप आहे हेच ठाऊक नसेल, तर तो काढणार कोण? ऑक्सिजनचेही तेच. वॉर्डात आग लागली, तर कोणता व्हॉल्व्ह बंद केल्यावर कोणत्या खाटांचा पुरवठा थांबेल, हे त्याच क्षणी कळायला हवे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनपुरवठा विस्कळीत झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. नकाशा असता तर ते टळले असते, असे मी म्हणत नाही. पण अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

यावर साधन आहे: ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात ‘बिम’. यात इमारतीचे त्रिमितीय संगणकीय प्रारूप असते. त्यातील व्हॉल्व्हवर क्लिक केले की तो कधी बसवला, कुठे पुरवठा करतो, शेवटची देखभाल केव्हा झाली, हे दिसते. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी बिम बंधनकारक केले. इमारत वापरात आल्यानंतरची माहिती कशी सांभाळावी, यासाठी २०२० पासून ‘आयएसओ १९६५०’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भागही आहे.

आपल्याकडे मात्र उद्घाटनाला प्रारूपाची चित्रफीत दाखवायची आणि नंतर ते विसरायचे, हा धोका मोठा आहे. महिनाभर नोंद नसलेला केसपेपर जितका घातक, तितकेच जुने प्रारूपही. कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून सॉफ्टवेअरआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. प्रत्यक्ष बांधकामाशी जुळणारी माहिती मिळाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम बिल देऊ नये. प्रत्येक दुरुस्तीची नोंद करणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. आणि जुन्या इमारतींत सगळे एकदम करण्याचा हट्ट न धरता ऑक्सिजन, वीज, पाणी आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा यांपासून सुरुवात करावी.

खर्च होईल, हे खरे. पण तपासणीशिवाय औषध देणे आपण डॉक्टरांना माफ करत नाही. मग आत काय आहे हे न पाहता भिंत फोडणे का चालवून घ्यायचे?