विद्यार्थ्याला काय विचारावे?

परीक्षा द्यायची ती विद्यार्थ्याने, ही जुनी समजूत. आता शिक्षणसंस्थांची परीक्षा घेण्याचे कामही त्याच्याकडे आले आहे, आणि तिची प्रश्नपत्रिका म्हणजे अनुभव-प्रश्नावली. परंतु ही प्रश्नपत्रिका सर्वत्र एकसारखी नाही. प्रश्न बदलला की उत्तराचा अर्थही बदलतो, याचे भान मात्र आकड्यांची तुलना करताना क्वचितच राखले जाते.

पॉल रॅम्सडेन यांनी १९९१ साली मांडलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी देशभर वापरल्या गेलेल्या प्रश्नावलीचा रोख अध्यापनावर होता. उद्दिष्टे स्पष्ट होती काय, अभ्यासाचा बोजा पेलण्याजोगा होता काय, असे ती विचारी. बोजा असह्य झाला की विद्यार्थी आकलन सोडून घोकंपट्टीकडे वळतो, हा विचार तिच्यामागे होता. अमेरिकेत २००० साली सुरू झालेली पाहणी मत विचारण्याऐवजी प्रामुख्याने वर्तन विचारते: वर्गात चर्चेत किती वेळा भाग घेतला, शिक्षकांशी किती वेळा बोललात? ब्रिटनमध्ये २००५ साली आलेली पाहणी वस्तुतः ऑस्ट्रेलियन प्रश्नावलीच्याच वळणाची. परंतु 'एकंदरीत समाधानी आहात काय?' या तिच्यातील एकाच प्रश्नाने वृत्तपत्रांतील क्रमवाऱ्या गाजवल्या.

मत, वर्तन आणि समाधान या तीन भिन्न गोष्टी होत. निबंध तांबड्या शाईने भरून परत देणारा आणि पुन्हा लिहावयास लावणारा शिक्षक समाधानाच्या रकान्यात कदाचित मागे पडेल. परंतु किती लेखन केले, या प्रश्नात त्याचाच वर्ग पुढे राहील. मग उत्तम शिक्षक कोणता?

मापाला लाभहानी चिकटली की गुंता आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये निकालांचा संबंध शुल्कवाढीशी जोडला जाणार, हे दिसताच २०१७ साली विद्यार्थी संघटनांनी पाहणीवर बहिष्कार घातला. २०२३ साली तर इंग्लंडमध्ये 'एकंदर समाधाना'चा प्रश्नच वगळण्यात आला.

आपल्याकडे 'नॅक'ने २०१७ च्या मूल्यांकनपद्धतीत विद्यार्थी-समाधान पाहणीचा समावेश केला. तिला नाव समाधानाचे असले, तरी अभ्यासक्रम किती शिकवला गेला, शिक्षक कितपत तयारीने येत, असे नेमके प्रश्न तिच्यात होते. ही जमेची बाजू होय. मात्र उत्तरांवर महाविद्यालयाची श्रेणी काही अंशी अवलंबून असेल, तर विद्यार्थी मोकळेपणाने लिहील काय? स्वतःच्या पदवीची किंमत घटवून सत्य सांगण्याचे धैर्य त्याच्याकडून अपेक्षिणे कितपत न्याय्य आहे?

प्रश्नावली निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. काय मोजावयाचे ते आधी ठरवावे. संस्थांची परस्परांशी चढाओढ लावण्यापेक्षा एकाच संस्थेची वर्षानुवर्षांची वाटचाल पाहावी. आणि निकाल प्रथम शिक्षकांपुढे चर्चेस ठेवावेत. विद्यार्थ्याने दिलेले उत्तर वर्गापर्यंत परत पोहोचत नसेल, तर त्याला प्रश्न विचारणे हा केवळ उपचारच ठरेल.