प्रशाला कुणाची?

पुण्याच्या वाचकासमोर 'प्रशाला' हा शब्द उच्चारला, तर त्याला ज्ञान प्रबोधिनीचे स्मरण होईल. जालना, अंबड, भोकरदन किंवा परतूर येथे तोच शब्द उच्चारला, तर समोरचा माणूस जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेकडे बोट दाखवील. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की प्रथम संस्थेचे नाव येते. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले, रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये. मराठवाड्यात मात्र तालुक्याच्या गावचे मुख्य हायस्कूल हे बहुधा सरकारचे. हा भेद का पडला, हे आज अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसते.

त्याचे मूळ निजामी राजवटीत आहे. हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा मिळून बहुसंख्य होती, तर उर्दू ही मातृभाषा असणारे शेकडा दहा-बारा. तरीही शासनाची, न्यायालयाची आणि शिक्षणाची भाषा उर्दू. शाळांच्या पायऱ्यांची नावेसुद्धा तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. पहिल्या काही इयत्तांत मराठी चालत असे. वर चढू लागले की मातृभाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. खेड्यातील कुणब्याचा मुलगा फौकानियापर्यंत पोहोचणे दुर्मीळच होते. पोहोचलाच, तर गणित, भूगोल आणि इतिहास परक्या भाषेत पाठ करून बाहेर पडे. बरे, समाजाने स्वतःची शाळा काढावी, तर तिलाही सरकारची पूर्वपरवानगी हवी!

अशा स्थितीत ज्यांनी शाळा काढल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, सरस्वती भुवन १९१५ मधील. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मधील. तेथे १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. तो पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने मुक्तिसंग्रामाचा नेता झाला. अंबाजोगाईची योगेश्वरी १९३५ ची. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये भरले ते परतूरला, आजच्या जालना जिल्ह्यात. त्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. उस्मानिया विद्यापीठातही तो वणवा पसरला. विद्यार्थ्यांची हकालपट्टी झाली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्या वर्गात जागा दिली. नागपूरचे हे उपकार मराठवाड्याने विसरू नयेत.

जालन्याची गोष्ट थोडी वेगळी. 'जालना सोने का पालना' असे म्हणत. कापसाची मोठी बाजारपेठ, लष्करी छावणी आणि १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मार्गाची आगगाडी. पैसा होता, शिक्षण मात्र त्या मानाने तोकडे राहिले. याच जालन्याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. हे गृहस्थ जन्माने ब्राह्मण; १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि मिशनने पुढे शाळा व रुग्णालय चालविले. त्यामागील धर्मांतराच्या हेतूवर आपण पुष्कळ लिहिले आहे, बोललो आहोत. परंतु आपल्या गावातील पोरके मूल आपण शाळेत घातले नाही म्हणून दुसऱ्याने घातले, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू आपल्या बौद्धिक वर्गांत क्वचितच येते.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले, रझाकारांचा बीमोड झाला आणि फौकानियाच्या दारातून मराठी आत आली. हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. ज्यांनी स्वतः उर्दूतून शिक्षण घेतले, त्याच शिक्षकांना फळ्यावर मराठीतून बीजगणित मांडावे लागले. महसुली दप्तरात तर उर्दू अजून शिल्लक आहे; मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की आजही मुंतखब शोधावा लागतो आणि तो वाचणारा म्हातारा सापडत नाही. असो. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची कल्पना मांडली. नांदेडची मल्टिपर्पज, हिंगोलीची बहुविध प्रशाला ही नावे तेव्हाच्या त्या विचाराची खूण आहेत. पुस्तकी विद्येबरोबर शेती, वाणिज्य आणि कारखान्यातील काम शाळेतच शिकवावे, हा तो विचार. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि मराठवाड्यातील ही सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे गेली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा शाळांचा हा वारसाही त्याच्या वाट्याला आला.

येथे एक गोष्ट, काहींना कडू लागली तरी, सांगितलीच पाहिजे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरविले. त्यासाठी वर्षभर आधीच भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले होते. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकविले गेले. बहुसंख्य प्रजेवर तिची नसलेली भाषा लादणे, हा निजामाचा अन्याय होता. परंतु इंग्रजीविना भारतीय भाषेत विज्ञान शिकविता येते, हे त्याच विद्यापीठाने दाखवून दिले. आणि ज्यांच्या आजोबांनी मराठी शाळेसाठी निजामाचा रोष पत्करला, त्यांचे नातू मराठीतून विज्ञान शिकता येत नाही म्हणून दूरच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस पकडतात! मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला, तेव्हा त्याचे स्वागत केले. पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांची मुले प्रशालेत आहेत?

याचा परिणाम केवळ भाषेपुरता नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. म्हणजे ज्याचे मूल त्या शाळेत, त्यालाच तेथे प्रश्न विचारण्याचा खरा अधिकार. वकील, डॉक्टर, व्यापारी आणि खुद्द जिल्हा परिषदेचे शिक्षक या सर्वांनी आपली मुले काढून घेतल्यावर तेथे उरतो तो रोजंदारीवर जाणारा, ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणारा पालक. विज्ञानाचा शिक्षक का नाही, प्रयोगशाळेला कुलूप का, हे त्याने कोणत्या दिवशी येऊन विचारायचे? २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता ७१ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२. स्त्रियांमध्ये तर जिल्ह्याचा आकडा ६१ च्या घरात. या मुलींसाठी पायी जाता येण्याजोगी बिनशुल्क शाळा म्हणजे प्रशालाच. ती मिटली, तर त्या दुसऱ्या शाळेत जाणार नाहीत, घरी बसतील आणि लवकरच बोहल्यावर उभ्या राहतील.

राज्य शासनाने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आणली, त्याच वर्षी शाळा दत्तक देण्याची योजनाही आणली. प्रशाला त्या पटाच्या मर्यादेत सहसा येत नाहीत, हे खरे. पण वाडी-तांड्यावरची प्राथमिक शाळा बंद झाली की प्रशालेच्या पाचवीत मूल येणार कोठून? सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या परिवारातील शिक्षणसंस्था उत्तम आहेत. भारतीय शिक्षण प्रसारक संस्थेचे मराठवाड्यातील काम कोणीही नाकारणार नाही. पण कोणतीही संस्था प्रत्येक तालुक्यातील प्रत्येक मुलाला सामावून घेऊ शकत नाही. समर्थांचे जन्मगाव जांब ज्या जिल्ह्यात आहे, तेथील लोकांना तरी हे समजावून सांगावे लागू नये. आणि व्यवसायशिक्षणाची गरज पाहायची, तर जालन्याइतके योग्य शहर नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केली आणि येथील बियाणे देशभर गेले. लोखंडाचे कारखाने आले. २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्रही येथे आहे. त्या केंद्रात प्रशालेतील किती मुले पोहोचू शकतील, हे ठरते आठवी-नववीच्या विज्ञानाच्या तासाला.

निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकेतील मंडळी आपल्या शाखांत आणि वस्त्यांत आहेत. आठवड्यातून दोन तास त्यांनी मुख्याध्यापकांकडे मागून घ्यावेत. ज्यांच्या घरी पाचवीत जाणारे मूल आहे, त्यांनी नाव नोंदविण्याचा विचार करावा आणि मग समितीत बसून हक्काने भांडावे. १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचे ध्वजवंदन करून परस्पर घरी परतण्याऐवजी प्रशालेत जावे आणि यंदा पाचवीच्या वर्गात किती मुले बसली आहेत, ते हजेरीपटावर पाहून यावे.