ख्रिस्ती घर आणि मुलांचे धर्मशिक्षण

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे कित्येक ख्रिस्ती आईबाप शिक्षकांस विनवितात, "गुरुजी, याला प्रार्थनेची गोडी लावा, घरी तो आमचे ऐकत नाही." ही विनंती प्रेमापोटी केलेली असते यात संशय नाही. तथापि जे काम आईबापांचे, ते शाळेने अथवा मंडळीने परभारे उरकावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

शाळेच्या हाती मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. शिवाय आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेत संमतीवाचून कोणासही धर्मशिक्षणास बसविता येत नाही, आणि हे न्याय्यच आहे. शब्बाथशाळेच्या वाट्यास तर आठवड्यातून एखादाच तास येतो. उरलेला सारा काळ घराचा आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांस शिकविण्याविषयी जे सांगितले आहे, त्यातही प्रसंग नेमले आहेत ते घरातील बसण्याउठण्याचे व वाटेने चालण्याचे.

आता कोणी म्हणेल, "पूर्वीचे घर राहिले आहे कोठे?" हे खरे आहे. आई व बाप दोघेही नोकरीस जातात. आजी गावी राहते. रात्री जेवावयास चौघे बसले, तर चौघांच्या हाती चार मोबाइल असतात. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळीच शिकवणीचा वर्ग भरतो. अशा वेळी बाप सहज म्हणून जातो, "उपासना काय, पुढच्या रविवारीही आहे, परीक्षा मात्र एकदाच." अभ्यास हेही देवाने नेमून दिलेले कर्तव्य आहे, त्याची हेळसांड करा असे कोण म्हणेल? परंतु त्या एका वाक्याने मुलास जे शिक्षण मिळते, ते वर्षभराच्या उपदेशानेही पुसले जात नाही. आपल्या घरात पहिले स्थान कशाला आणि उरलासुरला वेळ कोणाला, हे मूल तेथेच शिकते. वर्गाची वेळ बदलून मागता येते. न मिळाल्यास सायंकाळी घरी एकत्र उपासना करता येते. तेवढा खटाटोप आईबापांनी केला, तरी मुलास जे समजावयाचे ते समजते.

दुसऱ्या टोकास जाऊन सक्ती करणारे पालकही आहेत. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र आठवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या काळात त्यांनी आपल्या मनाशी झगडून, विचार करून निर्णय केला, आणि म्हणूनच तो अखेरपर्यंत टिकला. पतीचा विश्वास पत्नीस आयता मिळत नाही, तसाच तो बापाकडून मुलासही मिळत नाही. शेतजमीन वारसाने मिळते. श्रद्धा ज्याची त्याने स्वीकारावी लागते. आईबापांचे काम एवढेच, की ती स्वीकारण्याजोगी आहे असे आपल्या वागण्याने दाखवावे.

एली याजक मंदिरात सेवा करीत राहिला, आणि त्याचे पुत्र त्याच मंदिरात बिघडले. त्याने त्यांस वेळीच आवरले नाही. याउलट तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, तरी आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी असलेला निष्कपट विश्वास त्या मुलात उतरला. घर अपुरे होते, म्हणून काम अडले नाही.

मग करावे काय? रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मोबाइल बाजूस ठेवून सर्वांनी एकत्र बसावे. एक लहानसा उतारा मुलानेच वाचावा, आणि आईबापांनी साध्या शब्दांत प्रार्थना करावी. मुलाने शंका विचारली तर रागावू नये. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगून त्याच्याबरोबर शोधावे. आणि सर्वांत कठीण, परंतु सर्वांत फलदायी गोष्ट ही, की आपण मुलावर विनाकारण रागावलो असू, तर त्याची क्षमा मागावी. क्षमेवरची दहा प्रवचने जे शिकविणार नाहीत, ते बापाच्या तोंडचे "बाळ, माझे चुकले" हे शब्द शिकवितात.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख केवळ तुमच्या आईबापांसाठी नाही. दिवसभर राबून थकलेली आई आज रात्री प्रार्थनेस बसली नाही, तर तिला दोष देऊ नका. पवित्र शास्त्र तुम्हीच उघडा व तिला जवळ बोलवा. ज्या घरात मोठ्यांनी आरंभ केला नाही, तेथे लहानांनी तो केला तरी देवास तो मान्यच आहे.