पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं का?

तलाक किंवा खुला झाला की जमातीच्या बैठकीत मेहर निघतो, जहेजचं सामान निघतं आणि शेवटी मुलं कुणाकडे हेही ठरतं. ठरलं ते कायमचं, असं सगळे धरून चालतात. मग सहा-सात वर्षं जातात, आठ वर्षांचा मुलगा पंधराचा होतो आणि एक दिवस म्हणतो, "मला आता अब्बूकडे राहायचंय." किंवा मुलगी म्हणते, "मला अम्मीकडे जायचंय." एकाला हार वाटते, दुसऱ्याला जीत. मुलाचं काय, हे कुणी बघत नाही.

"सात वर्षं झाली, आता मुलगा बापाचा," हे वाक्य आपल्याकडे हुकमाच्या पानासारखं टाकलं जातं. हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईच्या हिजानतीत असते, हे खरं. पण शाफई मत समज आलेल्या मुलाला निवड देतं. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अबू हुरैरा यांची रिवायत आहे. आई-बापाच्या वादात पैगंबरांनी (स.) मुलालाच निवडायला सांगितलं आणि त्याने आईचा हात धरला. ही हदीस बैठकीत फारशी कुणाला आठवत नाही.

देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 17 मुलाचं हित बघतं आणि मूल समजदार असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नाही. मुंबईहून गेलेल्या धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये हेच सांगितलं: परिस्थिती बदलली तर आदेश बदलता येतो, पण तो बदल मुलाच्या हिताचा आहे हे सिद्ध करावं लागतं. त्या खटल्यात मुलगा आईकडेच राहिला.

म्हणजे मुलाची इच्छा हा शेवटचा शब्द नाही. एका घरी मोबाइल मिळतो, रात्री उशिरा आलं तरी कुणी विचारत नाही, म्हणूनही मूल तिकडे ओढलं जातं. दुसरीकडे, खावटी बंद व्हावी म्हणून अचानक ताबा मागणारे बापही आहेत. त्यांनी लक्षात ठेवावं, मूल आईकडे असलं तरी सज्ञान होईपर्यंत त्याचा खर्च बापावरच आहे. नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात उर्दू माध्यमाची शाळा गावोगावी नाही. घर बदललं की कधीकधी माध्यम बदलतं, लिपी बदलते. नववीच्या मध्यावर टीसी काढून नेलेलं मूल दहावीत काय लिहिणार? बदल करायचाच असेल तर वार्षिक परीक्षा झाल्यावर करा. दोघांच्या सहीने लिहून घ्या आणि कोर्टाचा आदेश असेल तर तो कोर्टातूनच बदलून घ्या. दुसऱ्या घरी सुट्टीत किती दिवस जायचं, तेही त्यात लिहा.

आणि मुलाला विचाराल तेव्हा चारचौघांत उभं करून विचारू नका. मामा एका बाजूला, चाचा दुसऱ्या बाजूला, अशा बैठकीत मूल खरं बोलत नाही. ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे अशा एका माणसाने एकट्यात विचारावं आणि त्याचं उत्तर दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये. नवरा-बायकोचं नातं संपतं. अम्मी-अब्बूचं संपत नाही.