एकच विमान निवडा आणि त्याची पूर्ण ओळख करून घ्या

संगणकावर लढाऊ विमानं उडवणाऱ्या सगळ्यांना आणि ज्यांच्या घरात अशी विमानं उडतात त्या आईवडिलांनाही माझं एक कळकळीचं सांगणं आहे. या छंदात आनंद अपार आहे, पण बहुतेक जण त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात. खेळ संगणकावर उतरला की पहिल्या संध्याकाळी सुखोई, दुसऱ्या दिवशी एफ-16, तिसऱ्या दिवशी आणखी काही. विमान थेट हवेतच सुरू करायचं, समोर दिसेल त्यावर क्षेपणास्त्र सोडायचं, पडलो की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभरात जॉयस्टिक कपाटावर जाते आणि ‘त्यात काही दम नाही’ असा निकाल लागतो.

दम आहे, आणि भरपूर आहे. त्यासाठी सवय मात्र बदलावी लागेल. एकच विमान निवडा. ते सुरू करायला, जमिनीवर चालवायला, उडवायला, उतरवायला शिका. ते तसं का घडवलं गेलं, कुणी उडवलं, कुठे कमी पडलं, हे वाचा. शत्रूची विमानं पाडणं हे त्यानंतर. एका विमानाला तीन-चार महिने दिलेत, तर दहा विमानं चाळून मिळणार नाही इतका आनंद त्यातून मिळेल.

उदाहरण म्हणून मिग-21 घेऊ. हे विमान आपल्या हवाई दलात 1963 मध्ये आलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला बनायची आणि विमान ओझरला आकार घ्यायचं. ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये मिग-21 बिस ही त्याची शेवटच्या काळातली आवृत्ती विकत मिळते. कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण, प्रत्येक खटका त्यात चालतो.

आता हे विमान उतरवून बघा. धावपट्टीकडे येताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतो. पंख त्रिकोणी आणि लहान, त्यामुळे वेग कमी केला की नाक बरंच वर धरावं लागतं, आणि नाक वर गेलं की धावपट्टी नीट दिसत नाही. शिवाय या आवृत्तीत इंजिनातली दाबाखालची हवा फ्लॅपवरून फुंकली जाते, म्हणजे पंखांना कमी वेगातही आधार मिळतो. नवखा खेळाडू इथेच फसतो. धावपट्टी जवळ आली म्हणून तो थ्रॉटल झटक्यात मागे ओढतो. इंजिन मंदावतं, फुंकली जाणारी हवा कमी होते, पंखांचा आधार सुटतो आणि विमान दगडासारखं खाली बसतं. घाबरून थ्रॉटल पुढे केला तरी इंजिनाला पुन्हा जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढे सेकंद हाताशी नसतात. म्हणून चाकं टेकेपर्यंत इंजिनाचे फेरे राखायचे, थ्रॉटल हळूहळू कमी करायचा, आणि चाकं टेकल्यावर मागची छत्री उघडायची.

जमिनीवरही हे विमान सहजी वळत नाही. पुढचं चाक स्वतःहून दिशा घेत नाही. स्टिकवरचा ब्रेक दाबून ज्या बाजूचं पेडल पुढे ढकलाल, त्या बाजूचं चाक अडतं आणि विमान तिकडे वळतं. पहिल्या दिवशी तुम्ही गवतात जाल. जा. हळूहळू पायांना अंदाज येतो आणि एका संध्याकाळी विमान धावपट्टीच्या मधोमध थांबतं. त्या क्षणाचं समाधान दहा विमानं पाडल्यावरही मिळत नाही.

मग स्वतःला विचारा, असं अवघड विमान कुणी आणि का बनवलं? मिग-21 चा आराखडा 1950 च्या दशकातला. उंचावरून येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना गाठायला झटपट वर चढायचं, आवाजाच्या दुप्पट वेगानं जायचं, मारा करायचा आणि परतायचं, एवढंच काम डोळ्यांसमोर ठेवून सोव्हिएत अभियंत्यांनी ते घडवलं. म्हणून ते लहान आहे, हलकं आहे, त्यात इंधन थोडं मावतं आणि उतरताना ते वेगात असतं. खेळात आफ्टरबर्नर लावून पाच-दहा मिनिटं झुंजलात की इंधनाचा काटा बघून छातीत धस्स होतं. मग 1971 च्या डिसेंबरात आपल्या वैमानिकांनी याच जातीच्या विमानांतून ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर नेमके रॉकेट हल्ले कसे केले असतील, हा प्रश्न मनात येतो. तो आला की पुस्तक उघडावंसं वाटतं. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी 1965 आणि 1971 च्या हवाई युद्धांवर इंग्रजीत लिहिलेली पुस्तकं आवर्जून मिळवा.

आणखी एक गोष्ट विमान हाताळल्यावरच नीट कळते. डीसीएसमध्ये सुखोई-25टी हे सावकाश, शांत स्वभावाचं विमान फुकट मिळतं. त्यावर हात बसवून मिग-21 मध्ये या, म्हणजे सगळंच अंगावर आल्यासारखं होईल. आपल्या हवाई दलातले तरुण वैमानिक वर्षानुवर्षं अशीच उडी घेत होते. किरणसारख्या सावकाश उडणाऱ्या प्रशिक्षण विमानावरून ते मिग-21 वर यायचे. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस 1982 मध्ये ला फॉन्टेन समितीनं केली होती. तशी प्रशिक्षण विमानं, म्हणजे हॉक, प्रत्यक्ष दाखल झाली 2008 मध्ये. बातमीत वाचलेली ही दिरंगाई म्हणजे काय, हे स्वतः मिग-21 उतरवून बघितल्यावर अंगावर येतं.

ही विमानं उडवणारी माणसं विसरू नका. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर 2001 मध्ये राजस्थानात सुरतगडला मिग-21 च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी पुढे वैमानिकांच्या सुरक्षेसाठी मोठा लढा दिला. तुम्ही विमान आपटता तेव्हा एक कळ दाबून पुन्हा सुरुवात करता. ती सवलत त्या तरुण वैमानिकांना नव्हती, आणि जमिनीवर ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडतात त्यांनाही नसते. एवढं भान ठेवलं तर खेळाची गोडी कमी होत नाही. उलट विमानाबद्दल आणि माणसांबद्दलही आदर वाढतो.

मिग-21 च घ्यायला हवं असं नाही. दुसऱ्या महायुद्धाची आवड असेल तर सुरुवातीच्या काळातलं स्पिटफायर घ्या. ‘आयएल-2’ मालिकेतल्या ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’मध्ये शत्रूच्या मागे जाताना झटकन नाक खाली दाबा. इंजिन गचके खाईल. त्याच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता आणि असं नाक दाबलं की इंधनाचा पुरवठा बिघडायचा. समोरच्या जर्मन मेसरश्मिटला थेट इंधन फवारणी होती, त्यामुळे ते बिनधास्त सूर मारून निसटायचं. म्हणून ब्रिटिश वैमानिक विमान उलटं करून मग खाली खेचायचे. पुढे 1941 मध्ये बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी इंधनाच्या वाटेत बसवायची छोटी, भोकाची चकती काढली आणि दुखणं बरंचसं आटोक्यात आलं. हे पुस्तकात वाचलं तर विसराल, पण हातात स्टिक असताना इंजिन गचकलं की कायमचं लक्षात राहील.

आता खर्चाचं बोलू, कारण इथे अनेक घरांत वाद होतात. सुरुवातीला जवळजवळ काहीच खर्च करू नका. डीसीएस वर्ल्ड फुकट आहे आणि त्यात सुखोई-25टी बरोबर टीएफ-51 मस्टँग हे पंख्याचं विमानही मिळतं. विकतची बहुतेक विमानं काही दिवस फुकट वापरून बघता येतात, आणि वर्षातून अनेकदा सवलतीचे सेल लागतात. तोवर थांबा. मात्र हा खेळ संगणकात शंभर जीबीहून जास्त जागा खातो आणि त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. जुना लॅपटॉप असेल तर ‘आयएल-2 स्टुर्मोविक 1946’ घ्या. तो बराच जुना आहे, स्वस्त आहे, साध्या संगणकावर चालतो आणि त्यात शेकडो विमानं आहेत. ‘वॉर थंडर’ फुकट आहे, पण पुढची विमानं लवकर मिळावीत म्हणून त्यात पैसे भरण्याचा मोह सतत होतो. मुलांच्या हाती कार्डाचा नंबर देऊ नका.

पहिली खरेदी साध्या जॉयस्टिकची करा, जिची मूठ डावी-उजवीकडे फिरते. तिच्यावर पायाच्या पेडलचं काम भागतं. महागडी पेडल, डोक्याच्या हालचाली टिपणारी यंत्रं, डोळ्यांवर चढवायचे व्हीआर चष्मे, हे सगळं वर्षभर थांबू शकतं. व्हीआरनं सुरुवातीला अनेकांना मळमळतं, तेव्हा दुसऱ्याचा लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

शिकायचा क्रमही सांगतो. पहिला आठवडा शस्त्रांना हात लावू नका. उडायचं, विमानतळाभोवती एक चौकोनी फेरी मारायची, उतरायचं. दुसऱ्या आठवड्यात बंद विमान स्वतः सुरू करा. वहीत पायऱ्या लिहून ठेवा, कारण हातानं लिहिलेलं टिकतं. मग एका जागेवरून दुसऱ्या जागी घड्याळ आणि होकायंत्राच्या भरवशावर जा. नंतर एकच शस्त्र शिका. त्यापुढे संगणकाशी एकास एक झुंज, आणि मग माणसांशी.

माणसांशी खेळताना मात्र जीभ सांभाळा. समोरचा कराचीचा असेल, शांघायचा असेल किंवा सांगलीचा असेल. तोही तुमच्यासारखाच दिवसभराचं काम आटोपून विमानाच्या प्रेमापायी बसलेला असतो. जुन्या खेळाडूंमध्ये पडणाऱ्यानं आणि पाडणाऱ्यानं एकमेकांना सॅल्यूट टंकायची रीत आहे. ती पाळा. देशभक्ती दाखवायला शिवी लागत नाही.

यापुढची गोष्ट तर देशाच्याच कामाची आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर एका व्हिडिओ गेममधलं दृश्य खऱ्या हल्ल्याचं म्हणून घराघरांतल्या मोबाईलवर फिरलं. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळीही तेच झालं आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाला लोकांना सावध करावं लागलं. अशा वेळी सिम्युलेटर खेळणाऱ्या माणसाचं डोळसपण उपयोगी पडतं. चित्र मुद्दाम अंधूक किंवा हलतं आहे का, रात्रीचंच आहे का, आवाज गायब आहे का, माणसं कुठेच दिसत नाहीत का, कोपऱ्यात खेळातली आकडेवारी दिसते का, हे बघा. ओळखलंत की कुटुंबाच्या ग्रुपवर काका-मावशीला प्रेमानं सांगा. तुमच्या स्वतःच्या खेळाचा व्हिडिओ टाकताना ‘हा खेळ आहे’ असं ठळक लिहा. आणि खेळातलं विमान हुबेहूब व्हावं म्हणून कुठलेही गोपनीय कागद किंवा हवाई तळाचे फोटो कुणी मागितले तर साफ नकार द्या. ‘वॉर थंडर’च्या चर्चांमध्ये काही देशांच्या खेळाडूंनी निव्वळ वाद जिंकायला लष्करी कागदपत्रं टाकल्याचे प्रकार घडले आहेत. आपल्याकडे असं करणं हा गंभीर गुन्हा आहे.

आईवडिलांनो, मुलगा किंवा मुलगी यात रमली असेल तर दार लोटून ओरडण्याआधी एकदा शेजारी खुर्ची टाकून बसा. ‘हा काटा कसला?’ एवढं विचारा. मूल उंची, वेग, दाब, इंधन समजावू लागेल आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक त्याला परकं वाटणार नाही. वेळेची मर्यादा मात्र ठरवा आणि पाळा. मधूनमधून उठून डोळ्यांना लांबचं काहीतरी बघू द्या. मूल वैमानिक व्हायचं म्हणत असेल तर त्याला खरं सांगा, की सिम्युलेटर आवड लावतो, निवड करून देत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, निरोगी शरीर लागतं, चांगले डोळे लागतात. जवळपास एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिथे नाव घालायला सांगा.

आणि खरं विमान दाखवायला घेऊन जा. गोव्याला गेलात तर बोगमाळोच्या किनाऱ्यावर जाण्याआधी जवळच्याच नौदल हवाई संग्रहालयात थांबा. तिथे सी हॅरियर, सी हॉक आणि अलिझे उभी आहेत. पंखाखाली उभं राहिलं की कळतं, पडद्यावर खेळण्याएवढं दिसणारं हे यंत्र केवढं आहे आणि त्यात माणसाला बसायला किती कमी जागा आहे.

येत्या रविवारी सुरुवात करा. संगणकातल्या विमानांपैकी एक निवडा आणि बाकीच्यांना तीन महिने हात लावू नका. वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा. त्याखाली तीन प्रश्न लिहा: हे कशासाठी बनलं, कुणी उडवलं, आणि कुठे कमी पडलं. मग इंजिन सुरू करा आणि पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा, विमान सुखरूप उडवून सुखरूप उतरवा.