पुनर्बांधणी आणि पडताळा

ग्रंथाची नवी आवृत्ती निघावी, पृष्ठांक सरकावेत आणि अखेरची सूची मात्र जुनीच राहावी, असे झाल्यास ग्रंथ शुद्ध छापलेला असूनही अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही. संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रसंग वारंवार उद्भवतो आणि त्याचा संबंध भारतीय भाषांच्या अभ्यासाशी वाटतो त्याहून निकटचा आहे.

मराठी वर्णक्रमात 'ळ' हा 'ह'नंतर येतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' त्याच्याही मागून. हिंदी कोशांत 'क्ष' सामान्यतः 'क'च्या जोडाक्षरांत शोधावा लागतो. असे भेद संगणकास कळतात ते पुष्कळदा आयसीयू या सामायिक लायब्ररीमुळे. यूनिकोड संघाच्या या लायब्ररीत नाना भाषांचे वर्णक्रम व शब्दसीमांचे नियम साठविलेले असतात. लिबरऑफिस हे लेखनसाधन, पोस्टग्रेस हा डेटाबेस, असे अनेक कार्यक्रम तिच्यावर विसंबून आहेत.

या लायब्ररीची मुख्य आवृत्ती बदलली की तिच्यातील क्रियांच्या नावांना जोडलेला आवृत्तीचा आकडाही बदलतो. त्यामुळे ७२व्या आवृत्तीवर बांधलेल्या कार्यक्रमास ७६व्या आवृत्तीत ती नावे सापडत नाहीत. त्याच्या मूळ संहितेत एका अक्षराचा फरक नसला, तरी तो नव्याने बांधावा लागतो. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या २०२३च्या आवृत्तीत आयसीयू ७२ होते, २०२५च्या आवृत्तीत ७६. या दोहोंमधील वाट अशा पुनर्बांधणीचीच होती. पॅकेजे एकमेकांवर थराथराने उभी असतात. खालचा थर आधी बांधावा, मग वरचा, आणि एक अडले की त्याच्यामागची सारी खोळंबतात. डेबियनमध्ये अशी पुनर्बांधणी प्रकाशनाची जबाबदारी असलेली माणसे यंत्रास सांगतात. ओपनसुसेच्या बांधणीव्यवस्थेत अवलंबून असलेली पॅकेजे आपोआप रांगेत लागतात, आणि बांधलेले फळ पूर्वीसारखेच निघाले तर ती साखळी तेथेच थांबविता येते.

हे काम यंत्राकडे जावे, याविषयी वाद नसावा. क्रम लावणे, वाट पाहणे, पुन्हा आज्ञा देणे या बिगारीत स्वयंसेवकांचे श्रम वेचण्यात कसलेच पुण्य नाही. तथापि, 'बांधले गेले' ही यंत्राची साक्ष म्हणजे 'बरोबर आहे' असा निर्वाळा नव्हे. पोस्टग्रेस नव्या आयसीयूवर निर्वेध बांधला जातो. परंतु एखाद्या विद्यापीठाच्या शब्दसंग्रहाची अनुक्रमणिका त्याच्या स्वतःच्या संगणकावर जुन्याच क्रमाने पडून असते. दोन आवृत्त्यांतील क्रम किंचितही बदलला असेल, तर असलेला शब्द शोधूनही सापडत नाही, किंवा एकच नोंद दोनदा शिरते. पोस्टग्रेस क्रमाची आवृत्ती टिपून ठेवतो आणि तफावत दिसल्यास इशारा देतो. पण तो वाचून अनुक्रमणिका पुन्हा रचणारा माणूस लागतोच. वितरणाच्या कोठारातील यंत्राचा हात तेथवर पोहोचत नाही.

म्हणून स्वयंचलनाची खरी कसोटी त्याच्या वेगात नसून पडताळ्यात आहे. नवी पॅकेजे पुढे सरकण्यापूर्वी डेबियनमध्ये त्यांच्यावर स्वयंचलित चाचण्याही चालविल्या जातात; परंतु चाचणी तेवढेच तपासते, जेवढे कोणी तरी लिहून ठेवलेले असते. 'ळ', 'क्ष', 'ज्ञ', अनुस्वार आणि विसर्ग यांच्या सगळ्या अडचणी येतील अशी दीडदोनशे मराठी शब्दांची क्रमवार यादी तेथे नसेल, तर मराठीचा क्रम बिघडला तरी यंत्र संतुष्टच राहील. अशी यादी प्रोग्रामरने करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते काम कोशकारांचे आणि भाषाविभागांचे. तमिळ, बंगाली, मल्याळम यांनाही हाच न्याय लागू पडतो.

तंत्र परक्यांचे आणि भाषा आपली, अशी वाटणी विद्यापीठांनी सोयीसाठी करून घेतली आहे. ती मोडावयाची तर आरंभ एका यादीपासून करता येईल. यंत्र दर पुनर्बांधणीस ती निमूटपणे तपासील. मात्र ती प्रथम लिहून द्यावी लागेल ती भाषा जाणणाऱ्यानेच.