देवराज्य आणि कर्जाचा मांडव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाच्या पेरणीची लगबग सुरू होण्याआधीच्या एका रविवारी मी पवित्र मिस्सेत पर्वतावरील प्रवचनाच्या सुपरिचित भागावर बोललो. पाखरांची आणि रानफुलांची काळजी वाहणारा पिता आपलीही वाहील, तेव्हा अन्नवस्त्राची चिंता सोडून आधी देवाच्या राज्याचा ध्यास धरा, असे मी भाविकांना सांगितले. प्रवचन बरे झाले, असे माझे मला वाटले. मिस्सा संपल्यावर एक बाई कडुनिंबाखाली थांबल्या होत्या. सगळे पांगल्यावर जवळ येऊन त्यांनी एकच प्रश्न केला, "फादर, पाखराले का कर्ज असते जी?"

मला उत्तर सुचले नाही. चौकशी करता कळले की त्यांच्या घरावरचे ते कर्ज बियाण्याचे नव्हते, खताचे नव्हते, फवारणीचेही नव्हते. मागच्या उन्हाळ्यात मुलीचे लग्न झाले, त्यासाठी वावराचे कागद सावकाराकडे गेले होते. एवढा खर्च कशासाठी केला, असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की आपल्याच मंडळींत आदल्या वर्षी झालेल्या एका लग्नापेक्षा कमी केले असते तर चारचौघांत मान राहिला नसता. ते आदल्या वर्षीचे लग्न मला चांगले आठवत होते. त्याच्या थाटाचे कौतुक मीच वेदीवरून केले होते.

तेव्हा या लेखात मी कोणाला दोष देणार असेन, तर त्या दोषाचा पहिला वाटेकरी मी आहे, हे आरंभीच नमूद करतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण काथलिक कुटुंबांनी देवराज्य मरणानंतरच्या मुक्कामाचे नाव करून ठेवले आहे. ते तसे केले म्हणजे मोठी सोय होते. जे राज्य मरणानंतर यावयाचे, ते आज आपल्या पैशाच्या पेटीत डोकावणार नाही, लग्नाच्या यादीवर बोट ठेवणार नाही, मजुराच्या हिशेबात लक्ष घालणार नाही. रविवारी आपण त्याची प्रार्थना करतो आणि सोमवारी 'लोक काय म्हणतील' या दुसऱ्याच राजाच्या राज्यात राहावयास जातो. हा दुसरा राजा फार महागडा आहे. तो कर वसूल करतो आणि बदल्यात काहीच देत नाही.

या विषयावर आपल्याकडे दोन प्रकारची शिकवण कानी पडते. पहिली शिकवण गरिबाला सांगते, "सोस, येथले सारे नाशिवंत आहे, तुझे धन स्वर्गात आहे." ऐकावयास ही वाणी मोठी आध्यात्मिक वाटते, पण ज्याच्या वावरावर सावकाराचा हात आहे त्याला ती ऐकविणारा बहुधा स्वतः कोणाचा देणेकरी नसतो. प्रभूने धनाच्या आसक्तीविषयी कठोर शब्द उच्चारले ते विशेषकरून ज्यांच्यापाशी धन होते त्यांना उद्देशून. अमाप पीक आले म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधावयास निघालेला आणि त्याच रात्री मरण पावलेला तो धनवान शेतकरी आठवावा. प्रभूने त्याला मूर्ख ठरविले, ते पीक आले म्हणून नव्हे. इतके धान्य दारी असताना दुसऱ्या कोणाचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, म्हणून.

दुसरी शिकवण अलीकडे फोफावली आहे. विश्वास वाढवा, अर्पण वाढवा, म्हणजे देव घर देईल, गाडी देईल, मुलाला परदेशी नोकरी देईल, असे ती सांगते. आपले लोकही आता समृद्धीला आशीर्वादाचा दाखला मानू लागले आहेत. हा तर्क उलट बाजूने वाचून पाहावा. दाराशी ट्रॅक्टर असणे हा देवाचा प्रसाद असेल, तर ज्याची पऱ्हाटी बोंडअळीने खाल्ली त्याच्यावर काय देवाचा कोप झाला? २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांचा विश्वास कमी पडला, असे त्यांच्या विधवांना सांगण्याचे धैर्य कोणाला आहे? ज्याच्या खिळलेल्या देहाखाली शिपायांनी त्याच्याच वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्याच्या नावाने संपत्तीची हमी देणे हा सुवार्तेचा विपर्यास आहे.

वरवर पाहता या दोन शिकवणी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. मुळात त्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघीही पैशाला देवराज्याच्या कायद्याबाहेर ठेवतात. एक म्हणते, पैशाचा विचारच करू नका. दुसरी म्हणते, पैसा मिळेलच, निश्चिंत असा. तो कोठून आला, कोणाचा अडवून ठेवला आणि कशावर उधळला, हे दोघीही विचारीत नाहीत.

प्रभू मात्र विचारतो. त्याने शिकविलेली प्रार्थना आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! स्वर्गातल्याप्रमाणे पृथ्वीवरही पित्याची इच्छा पूर्ण व्हावी, अशी तीत याचना आहे. म्हणजे राज्य येथे यावे, असेच आपण मागतो. त्यानंतर आपण रोजची भाकर मागतो आणि लगेच क्षमा. आपल्या ओठी येथे 'अपराध' हा शब्द रुळला आहे. परंतु मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात योजलेला शब्द ऋणाचा, देण्याचा आहे. पापाला ऋण म्हणण्याची त्या काळची रीत होती, हे खरे. पण ज्यांच्या वस्तीत देणेकऱ्याची मुलेबाळे विकली जात, त्या ऐकणाऱ्यांना तो शब्द नुसत्या आत्मिक अर्थाने ऐकू आला असेल का? लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा ज्युबिलीचा नियम आहे. नासरेथच्या सभागृहात प्रभूने आपल्या कार्याची घोषणा केली, ती अशाच मुक्तीच्या वर्षाची भाषा उच्चारून.

२०२५ हे ज्युबिली वर्ष आपण साजरे केले. ते घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले होते. आपल्याला ते फार आवडले. राष्ट्रांनी राष्ट्रांना माफ करावे, सरकारने शेतकऱ्याला माफ करावे, बँकेने खातेदाराला माफ करावे! आपण यात्रा केल्या, पवित्र द्वारातून गेलेल्यांचे अनुभव ऐकले. त्या वर्षात आपल्यापैकी किती जणांनी शेजाऱ्याला हातउसने दिलेल्या रकमेवरचे व्याज सोडले? प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकाशीच याचा हिशेब करावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेतकऱ्याच्या कर्जाचे मूळ लग्नाच्या मांडवात आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हा ढळढळीत अन्याय होईल. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे आमचे नेर आणि भोवतालची खेडी बव्हंशी पावसाच्या भरवशावर आहेत. पेरणी उसनवारीची, भाव दुसऱ्यांनी ठरविलेला आणि चुकारा हाती येण्याआधीच त्याला वाटेकरी. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह या जगाचा निरोप घेतला. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून अनेक लोक त्या दिवशी अन्नत्याग करतात. १९ मार्च हा आपल्या पंचांगात संत योसेफचा सण! कुटुंब पोसणाऱ्या कष्टकऱ्याचा सण आणि कुटुंब पोसता न आलेल्या कष्टकऱ्याचा स्मृतिदिन एकाच तारखेला येतात. आणि आपण मात्र त्या दिवशी संत योसेफच्या मूर्तीला हार घालून घरी जातो.

धोरणे बदलली पाहिजेत, यात शंका नाही. त्यासाठी बोलणे, अर्ज करणे, प्रसंगी रस्त्यावर येणे हेही ख्रिस्ती कर्तव्य आहे. परंतु जे सरकारच्या हातात आहे त्याकडे बोट दाखवून जे आपल्या हातात आहे ते झाकता येत नाही. मांडव आपल्या हातात आहे.

आपल्या वऱ्हाडात हे सांगणारा एक मनुष्य होऊन गेला आणि तो ख्रिस्ती नव्हता. गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडावीत. ऋण काढून सण करू नका, लग्नापायी कर्जात बुडू नका, दारू सोडा, मुलांना शिकवा, हे त्यांनी गावोगाव सांगितले. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. मग मी स्पष्टच विचारतो. देवराज्य ऐहिक वस्तूंहून श्रेष्ठ मानणे म्हणजे काय, हे त्या खराटेवाल्याने अधिक ओळखले होते की गळ्यात क्रूस घालून बँडबाजाची बिदागी ठरविणाऱ्या आपण?

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकलेले आहेत. पहिला आक्षेप असा की लग्न आयुष्यात एकदाच होते. खरे आहे, पण त्याचे कर्ज एकदाच फिटत नाही. गालीलातील काना येथे द्राक्षारस संपला, हाही दाखला मला देण्यात येतो. तेथे प्रभूने यजमानाची अब्रू राखली, हे मान्य. मात्र ती राखण्यासाठी त्याने कोणाला कर्जात लोटले नाही. आनंदाला माझा विरोध नाही. जो आनंद शेजाऱ्याला पुढच्या वर्षी कर्ज काढावयास लावतो, त्याला मात्र आहे.

दुसरा आक्षेप म्हणजे त्याग हे साधुसंतांचे काम, संसारी माणसाचे नव्हे. आपल्याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करीत होते. नफातोटा, देणेघेणे त्यांना आपल्याइतकेच कळत होते. तो चालता व्यवसाय सोडून ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. तुम्हांआम्हांला कोणी क्रूसावर चढवीत नाही. जेवणावळीची यादी निम्मी करा, एवढेच मागणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. "फादर, तुम्हांला मुली उजवायच्या नाहीत." हे खरे आहे आणि मी ते नम्रपणे स्वीकारतो. पण म्हणूनच सुरुवात धर्मगुरूपासून झाली पाहिजे. चर्चच्या सणाला रोषणाई आणि फटाके, वर्गणीची जाहीर यादी, सर्वाधिक देणाऱ्याचे नाव सर्वांत वर, ही रीत आम्हीच रूढ केली. ज्या वेदीवर देणगीदाराचा मान मोठा, त्या वेदीसमोर बसणारे लोक मांडवात दुसरे काय शिकतील?

म्हणून माझ्या सूचना मी लेखी मांडतो. लग्नाच्या थाटाचे वेदीवरून कौतुक मी पुन्हा करणार नाही. साधेपणाने झालेल्या लग्नाचे करीन. सणाच्या वर्गणीची यादी वाचली जाणार नाही आणि रोषणाईचा पैसा अडलेल्या घरासाठी निराळा ठेवला जाईल. मंगलविधीपूर्वीच्या तयारीत वधूवरांच्या आईवडिलांना खर्च कशातून करणार, हे विचारले जाईल. ज्यांची शेती आहे त्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. हा अनुवादाच्या ग्रंथातला नियम आहे, आणि अडविलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असा इशारा याकोबाने दिला आहे. आपापसांत उसने दिलेल्या पैशावर कोणी व्याज घेऊ नये. आणि ज्यांची जमीन अवैध सावकारीत गेली आहे, त्यांना २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते; तो अर्ज लिहून देण्यास आणि सोबत जाण्यास आपल्यातील शिकलेल्यांनी पुढे यावे. अर्ज लिहिणे हीसुद्धा देवराज्याची सेवा आहे.

पुढच्या १९ मार्चला मिस्सेनंतर आपण एक वेळचे जेवण सोडू आणि त्याचे पैसे एका पेटीत टाकू. रक्कम लहान असेल. तिने कोणाचे वावर सुटणार नाही. पण आपण कोणत्या राजाचे प्रजाजन आहोत, हे त्या दिवशी आपल्या पोटाला तरी कळेल.

त्या बाईंचे कर्ज अजून फिटलेले नाही. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या दोन वर्षांत होईल. तो मांडव कसा पडेल, हे एकट्या त्यांच्यावर अवलंबून नाही. त्याआधी तुमच्याआमच्या घरी जे मांडव पडतील, त्यांवर आहे. पाखरांना कर्ज नसते, कारण एक पाखरू दुसऱ्याच्या घरट्याकडे पाहून आपले घरटे बांधीत नाही. कडुनिंबाखाली त्या दिवशी मला हे सांगता आले नाही. आज सांगत आहे.